पाचवीला कुठं टाकायचं?

संक्रांत झाली की आमच्याकडं मराठवाड्यात चौथीतल्या लेकराच्या मायबापाला जो भेटेल तो एकच विचारतो, "मग, पाचवीला कुठं टाकणार?" किराणा दुकानात विचारतात, एसटीच्या थांब्यावर विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला विचारतो. उत्तरही बहुतेक तिथंच ठरून जातं. भावजींचा पोरगा जिथं आहे तिथं, नाहीतर ज्या शाळेची पिवळी गाडी गावात येते तिथं.

थोरल्याच्या वेळी मीही तेच केलं. तालुक्याच्या गावातली तीन मजली शाळा, दारात कमान, काचेच्या खोलीत संगणक. सहावीच्या दिवाळीत सहज त्याची गणिताची वही उघडली. 3/4 + 1/2 = 4/6. खाली लाल शाईत बरोबरची खूण आणि तारीख. पोरानं वरचे अंक वर मिळवले होते, खालचे खाली, आणि सरांनी न बघताच पानभर खुणा ओढल्या होत्या. चौकशी केली तर जूनपासून गणिताला तिसरे सर चालू होते. फी तेवढी मी वेळेवर भरली होती.

धाकटीच्या वेळी दसऱ्यापासूनच लागलो आणि सहा शाळा पाहिल्या. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. पाचवी ते आठवीला आधी दोनच गोष्टी बघायच्या: गणित आणि भाषा कोण शिकवतं, आणि लेकरू रोज जातं-येतं कसं. इमारत, बोर्ड, गणवेशाचा टाय, सगळं त्याच्या मागून. अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी, बीजगणिताची तोंडओळख हे सारं याच चार वर्षांत येतं. लातूर पॅटर्नच्या नावानं आठवीपासूनच नीट-जेईईच्या फाउंडेशन बॅचा सुरू होतात. पण 3/4 आणि 1/2 मिळवता येत नसतील तर तो फाउंडेशन कशावर उभा करणार?

आधी यादी, आणि ती कुठं तुटते ते

एका कागदावर जवळच्या सगळ्या शाळा लिहा आणि प्रत्येकीसमोर ती कितवीपर्यंत आहे ते लिहा. कायद्यानं पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. आपल्याकडं मात्र अजून जुनीच मोजणी चालते. जिल्हा परिषदेची शाळा कुठं चौथीपर्यंत, कुठं पाचवीपर्यंत, कुठं सातवीपर्यंत. आणि हायस्कूल पाचवी ते दहावी. म्हणून तुमच्या लेकराला दहावीपर्यंत किती वेळा शाळा बदलावी लागेल ते मोजा. गावातच सातवी-आठवीपर्यंत वर्ग असतील आणि गणिताचे गुरुजी खमके असतील तर पाचवीला उचलून शहरात नेण्याची घाई करू नका. दोन वर्षं उशिरा गेलेलं लेकरू मागं पडत नाही, कच्चं गेलेलं पडतं.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत असायला हवी. तुमच्या वस्तीला ती नसेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं लेखी मागणी करता येते. तोंडी बोलून काही होत नाही, अर्जाची पोच घ्या.

शाळा बदलण्याआधी काय हातचं जाईल

हा भाग कुणी सांगत नाही आणि सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं.

नवोदयचं बघा. जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश मिळतो, परीक्षा पाचवीत असताना द्यायची. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सगळं मोफत. आपल्याकडं कन्नड, तुळजापूर, गेवराईजवळचं गढी, बिलोलीकडचं शंकरनगर इथली विद्यालयं लोकांना माहीत आहेत. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. पण त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात, आणि पाचवी त्याच जिल्ह्यात असावी लागते. आमच्या ओळखीतल्या एकानं बीड जिल्ह्यातल्या गावातून पोरीला पाचवीलाच लातुरात नेलं, 'तिथं नवोदयची तयारी चांगली करून घेतात' म्हणून. पोरीचा बीडचा हक्क गेला आणि ग्रामीणची जागाही गेली. पेपर 100 गुणांचा असतो: बुद्धिमत्ता 50, अंकगणित 25, भाषा 25. वेळ दोन तास आणि संधी एकदाच. हे सगळं गावात राहूनही करता येतं. अर्ज साधारण पावसाळ्यात निघतात, तेव्हा पाचवी सुरू झाली की गुरुजींच्या मागं लागा.

दुसरी गोष्ट एनएमएमएसची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीची. आठवीत ही परीक्षा द्यायची, पास होऊन निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि लेकरू सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत गेलात की हा दरवाजा बंद. चार वर्षांचे 48,000 होतात. शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम लहान नाही.

तिसरी, आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के जागा, म्हणजे खाजगी शाळांत गरीब-वंचित घरांतल्या मुलांसाठी राखीव. या फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गाला असतात, पाचवीला नव्यानं मिळत नाहीत. तुमचं लेकरू आधीच अशा जागेवर असेल तर आठवीपर्यंत शिक्षण मोफत आहे, पण शाळा सोडली की ती जागा गेली. आणि नववीला पूर्ण फी सुरू होते, तो आकडा आत्ताच विचारून ठेवा.

शिष्यवृत्ती परीक्षेची इयत्ता मध्यंतरी बदलली होती, म्हणून यंदा कोणत्या वर्गाला आहे ते शाळेत विचारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गेल्या वर्षी त्या शाळेतून किती मुलं बसली होती ते. बारा निवडक मुलं बसवून आठ पास झाल्याचा फ्लेक्स लावणं सोपं असतं.

लेकरू आत्ता कुठं आहे

शाळा बघायला निघण्याआधी घरी अर्धा तास काढा. न वाचलेला एखादा धडा मोठ्यानं वाचायला लावा आणि मग पुस्तक मिटून 'काय होतं यात?' विचारा. 847 ला 6 ने भागायला सांगा. 141 आले आणि बाकी 1 राहिली तर भागाकार बसलाय. मग तोंडी, 'एका पोत्यात 50 किलो सोयाबीन, सात पोती, तर क्विंटल किती?' माझ्या धाकटीनं बोटं न मोजता 'साडेतीन' सांगितलं, पण वाचताना जोडाक्षरावर अडखळली. म्हणून मी शाळांमध्ये भाषेच्या बाईंकडं जास्त लक्ष दिलं. तुमचं उलट असेल.

ही परीक्षा घेताना रागवायचं नाही. मी रागावलो होतो, बायकोनं मला बाहेर पाठवलं.

कामाच्या दिवशी शाळेत जाऊन बसा

स्नेहसंमेलनात, 26 जानेवारीला किंवा 'प्रवेश सुरू' लिहिलेल्या मांडवात शाळा कळत नाही. नोव्हेंबर ते मार्चमधला साधा मंगळवार-बुधवार निवडा आणि परिपाठाच्या आधी दहा मिनिटं पोचा. हेडसरांना नमस्कार करून सरळ सांगा, 'पुढच्या वर्षी लेकराला घालायचंय, दोन तास बघू द्या.' बसू देतात. जिथं 'आधी प्रवेश घ्या मग बघा' म्हणतात तिथून मी चहा न घेता निघालो.

वर्गात शिरलं की फळ्याचा कोपरा बघा. पट 48, उपस्थित 31 असं लिहिलेलं असतं. सतरा जण कुठं आहेत? कापूस वेचायला, ऊसतोडीला, की नावापुरते पटावर आणि प्रत्यक्षात शहरातल्या क्लासला? आणि उपस्थित 31 लिहिलेलं असताना बाकावर बावीसच दिसले, तर समजून घ्या. सहावी ते आठवीला एका शिक्षकामागं 35 मुलं असं कायदा सांगतो. त्याच कायद्यात विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक सांगितलाय. काही नावाजलेल्या खाजगी शाळांत एका तुकडीत साठ-सत्तर मुलं मी डोळ्यांनी पाहिलीत, तिसऱ्या बाकाच्या मागं सरांचा आवाज पोचत नव्हता.

मग कार्यालयातलं वेळापत्रक मागा आणि विचारा की सहावी-सातवीचं गणित कोण घेतं. मला मिळालेली तीन उत्तरं जशीच्या तशी देतो.

एका शाळेत: "बघू, जूनमध्ये नवीन सर येणारेत."

दुसऱ्या शाळेत: "विज्ञानाच्या मॅडमच घेतात, पण सध्या त्या केंद्राच्या मिटिंगला आणि टपालाला असतात."

तिसरी जिल्हा परिषदेची, पत्र्याच्या दोन खोल्या आणि बाकीच्या स्लॅबच्या. तिथले गुरुजी म्हणाले, "मीच घेतो. नऊ वर्षं झाली. बदली होऊ शकते, ते तुम्हाला सांगून ठेवतो." मला हा माणूस पटला. जिल्हा परिषदेच्या बदल्यांचा हा धोका खराच आहे. चांगली शाळा म्हणजे पुष्कळदा दोन चांगले शिक्षक असतात आणि ते गेले की शाळा बसते. म्हणून किती वर्षं झाली आणि दुसरं कोण आहे, हे दोन्ही विचारा. खाजगी शाळेत विचारा की शिक्षक कायम आहेत, अंशतः अनुदानावर आहेत की तासिकेवर. पगार वेळेवर न मिळणारा मास्तर दिवाळीनंतर दुसरीकडं जातो, त्यात त्याचा दोष नाही.

पुढं वह्या. हुशार मुलीची वही ते स्वतःहून दाखवतात, ती बघून झाली की शेवटच्या बाकावरच्या एखाद्या पोराची मागा. तारखा सलग आहेत का, चूक झाली तिथं नुसती फुली आहे की बाजूला पुन्हा सोडवून घेतलंय, आणि निबंध सगळ्यांचा शब्दन् शब्द सारखाच आहे का. वाचनालयाचं कपाट कुलूपबंद असतंच, त्याबद्दल हेडसरांना विचारू नका. एखाद्या पोराला विचारा, "शेवटचं कोणतं पुस्तक घरी नेलं होतंस?" त्यानं नाव सांगितलं तर कपाट उघडतं.

दुपारच्या सुट्टीनंतर, तीनच्या सुमारास, नळ उघडून बघा. मार्चनंतर आपल्याकडं किती शाळांच्या टाक्या टँकरवर असतात हे तुम्हाला सांगायला नको. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, आतून कडी लागते का, हे घरातल्या बाईनं आत जाऊन बघावं. स्वच्छतागृह नको म्हणून पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत. आमच्या पुतणीनं हे दोन वर्षं केलं आणि आम्हाला कळलं ते दवाखान्यात. 'सखी सावित्री' समिती आहे का, तक्रारपेटी आहे का आणि ती कोण उघडतं, हेही तिथंच विचारून घ्या. सरकारी-अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पोषण आहार असतो. खिचडी चमचाभर चाखून बघा, कुणी नाही म्हणत नाही.

मारण्याला कायद्यानं बंदी आहे, आरटीईच्या कलम 17 मध्ये मानसिक त्रासही धरलाय. पण हे सरांना विचारून उपयोग नाही. पोरांना विचारा, "सर मारतात का?" पोरं एकमेकांकडं बघून हसली तर पुढं विचारू नका.

निघताना शाळा व्यवस्थापन समितीच्या एखाद्या पालकाचं नाव घ्या. सरकारी आणि अनुदानित शाळांत या समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. बाजाराच्या दिवशी गाठून त्याला विचारा, शेवटची बैठक कधी झाली. "सही करायला बोलावतात" असं उत्तर मला दोनदा मिळालं.

रस्ता

एक दिवस स्वतः लेकराच्या वेळेला, लेकराच्याच गाडीनं जाऊन या. नकाशावर अकरा किलोमीटर दिसणारा रस्ता सकाळी एसटीनं चाळीस मिनिटं घेतो, आणि शाळा पाचला सुटून गाडी सव्वासहाला असेल तर हिवाळ्यात पोर अंधारात उतरते. ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवीपासून एसटीचा प्रवास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे. मुलांना पासवर भाड्याचा साधारण एक तृतीयांश भरावा लागतो. पास शाळेच्या शिक्क्यावर मिळतो, जूनमध्ये रांग लागायच्या आत काढा.

खाजगी गाडी असेल तर तिच्यात मदतनीस बाई आहे का, मुलं मोजून बसवतात की कोंबतात, आणि शाळेची परिवहन समिती कागदावर तरी आहे का, ते बघा. अॅपेत चौदा पोरं आणि दप्तरं टपावर, असली सोय परवडली तरी नको. वाटेत ओढा असेल तर पावसाळ्यात काय करतात ते त्या गावच्या माणसाला विचारा. 2025 च्या सप्टेंबरात आपण सगळ्यांनीच पूर बघितलाय.

माझा हिशेब असा की एका बाजूला पाऊण तासाच्या वर जात असेल तर शाळा कितीही चांगली असली तरी पाचवी-सहावीला नको. घरी आलेलं लेकरू जेवतानाच पेंगतं.

तोडीला जाणाऱ्या घरांसाठी

दिवाळीनंतर कोयता घेऊन जाणाऱ्या घरात प्रश्न शाळा कोणती हा नसतोच, लेकरू शाळेत राहील का हा असतो. हंगामी वसतिगृहाची सोय गावच्या शाळेतूनच होते. त्यासाठी स्थलांतर होणाऱ्या मुलांची यादी आधी जावी लागते, म्हणून मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतली की लगेच हेडसरांना सांगा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत, मुलींसाठी काही तालुक्यांत कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं आहेत, किनवट-कळमनुरीकडं आदिवासी आश्रमशाळा आहेत. यातलं कुठलंही निवडण्याआधी रात्री तिथं राहणारी बाई कोण, हे विचारा आणि तिला भेटा. बाकी सगळ्या सोयी त्या एका बाईवर असतात.

मराठी, सेमी, की इंग्रजी

यावर घरात भांडणं होतात, म्हणून थोडक्यात. सेमी म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. मराठी चांगलं वाचणाऱ्या मुलाला पाचवी-सहावीला सेमी झेपतं, पण शिक्षकाला झेपतंय का ते तासाला बसून बघा. फळ्यावर इंग्रजीत लिहून तोंडानं मराठीत नीट समजावणारे सर मला चालतात. गाइड वाचून दाखवणारे नाहीत. चौथीपर्यंत मराठीत शिकलेलं लेकरू एकदम पूर्ण इंग्रजी शाळेत पाचवीला घालणं मला पटत नाही, घरात कुणी रोज बसणारं असेल तर गोष्ट वेगळी. सीबीएसई म्हणून पाटी असली तर संलग्नता क्रमांक बोर्डाच्या संकेतस्थळावर टाकून बघा. 'सीबीएसई पॅटर्न' लिहिलं असेल तर ती सीबीएसई शाळा असेलच असं नाही.

पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर फेरपरीक्षा, आणि त्यातही नापास झालं तर त्याच वर्गात बसावं लागतं. 'आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत' हे जुनं झालं.

पैसे

वर्षाची फी विचारू नका, वर्षाचा खर्च विचारा: फी, गाडी, दोन गणवेश, बूट, त्यांच्याच दुकानातली पुस्तकं, सहल, संमेलनाचा ड्रेस. मग आठवीपर्यंत चार वर्षांचा एकत्र मांडा. यंदाची सोयाबीन बरी झाली म्हणून ठरवलेली फी पुढच्या वर्षी अंगावर येते. आठवीपर्यंत प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेणं आणि डोनेशन घेणं दोन्ही कायद्यानं चुकीचं आहे. खाजगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढं मंजूर व्हावी लागते, तो ठराव दाखवा म्हणा. आणि पावतीशिवाय एक रुपया देऊ नका, 'विकासनिधी' असला तरी.

कागदपत्रं

शाळेचा यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर) मागा, 11 अंकी असतो आणि महाराष्ट्रात 27 ने सुरू होतो. मान्यता कितव्या वर्गापर्यंत आहे ते बघा. मान्यता पाचवीपर्यंत आणि वर्ग आठवीपर्यंत, अशा ठिकाणी मुलांची नावं दुसऱ्याच शाळेच्या पटावर असतात आणि दाखला भलत्याच गावचा निघतो.

जुन्या शाळेतून दाखला घेताना खिडकीशीच उभं राहून वाचा: नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जात, जन्मगाव. आधारवरचं नाव आणि रजिस्टरमधलं नाव अक्षराला अक्षर जुळवा. 2023 पासून मराठवाड्यात कुणबी नोंद शोधायला घरोघर पणजोबाच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यासाठी लोक जुन्या शाळांचे उंबरे झिजवतायत, निजामाच्या वेळच्या उर्दू आणि मोडी नोंदी वाचणारी माणसं शोधतायत. शंभर वर्षांनी कुणाला काय लागेल सांगता येत नाही. आपल्या लेकराच्या नोंदीत वेलांटी चुकली असेल तर ती आत्ता, दाखला निघायच्या आधी अर्ज देऊन दुरुस्त होते. आठवीपर्यंत दाखला उशिरा आला म्हणून नवी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, तसं कोणी म्हटलं तर आरटीईचं कलम 5 सांगा.

धाकटी शेवटी त्या नऊ वर्षंवाल्या गुरुजींच्या शाळेत गेली, आता सहावीत आहे. गुरुजींची बदली अजून झाली नाही. दर घटक चाचणीनंतर मी तपासलेले पेपर घरी मागवतो, बेरजा बघतो. मागच्या महिन्यात एका उदाहरणाला तिला फुली होती आणि उत्तर बरोबर होतं. ती म्हणाली, "बाबा, सरांना मीच विचारलं. ते म्हणाले, एकक लिहिलं नाहीस."